मदत हवी आहे: गॅरेजच्या तेलकट मातीत गुलबक्षी लावून उपयोग होईल का?

मंडळी, मिरजेजवळ आमचा छोटा प्लॉट आहे. बरीच वर्षं तो ट्रकच्या गॅरेजला भाड्याने होता. गॅरेज गेलं, जळालेलं ऑईल जमिनीत राहिलं. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून ते खालीही उतरलेलं दिसतंय. टिकावाने हातभर खणलं तरी ढेकळाला वास येतो. वर पाणी ओतलं तर मुरत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळतं. पावसाळ्यात आजूबाजूला हराळी माजते, या तुकड्यात काडी उगवत नाही.

माती उचलून टाकायची तर कुठे? कुणाच्या तरी ओढ्यातच जाणार ती.

शोधाशोध करताना चीनमधला एक प्रयोग वाचला. शेंगली तेलक्षेत्रातल्या मातीत गुलबक्षी लावली, तर 127 दिवसांत 41 ते 63 टक्के तेल कमी झालं. झाडं न लावलेल्या मातीत तेच साधारण 20 ते 38 टक्के. मात्र किलोभर मातीत 10 ग्रॅमपर्यंत तेल असेल तरच गुण येतो म्हणे. गुलबक्षी तर आमच्या परसात न लावता उगवते!

पण तिथे कच्चं तेल होतं, आमच्याकडे इंजिनातलं वापरलेलं. त्यातल्या धातूंचं काय? तेरडा, झेंडू यांचाही उपयोग होतो का? उपटलेली रोपं कंपोस्टात टाकावीत का? पलीकडेच शेजाऱ्यांची बोअर आहे, म्हणून जास्त काळजी.

नेहमीची माती तपासणी करून घेतली. सेंद्रिय कर्ब 'भरपूर' आला! तो तेलाचाच असणार, हे कुणी लक्षातच घेतलेलं नाही. खाली शिफारस: खत कमी द्या.

प्रतिसाद १
ती शिफारस बाजूला ठेवा. गुलबक्षी स्वतः तेल पीत नाही. तिच्या मुळांतून जे पाझरतं त्यावर जीवाणू पोसतात आणि ते तेल खातात. तेलात कर्ब भरपूर, नत्र जवळपास नाहीच; मग जीवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि रोप पिवळं पडतं. म्हणून कुजलेलं शेणखत आणि थोडा युरिया द्याच. भारी जमिनीत हवा खेळायला हवी, भाताचं तूस मिसळून माती अधूनमधून हलवा. धातू मात्र जीवाणू खात नाहीत. त्यामुळे रोपं कंपोस्टात नकोत, गुलबक्षीचे गड्डेही खणून काढा, आणि तिथे भाजी लावायचा विचारसुद्धा नको. पर्यावरण चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत टीपीएच (म्हणजे मातीत एकूण किती खनिज तेल आहे ते), शिसं आणि जस्त तपासा. बोअरचं पाणीही.

प्रतिसाद २
तेरडा एका पावसाळ्याचा, मुळंही वरवरची. हातभर खालच्या तेलापर्यंत तो काय पोचणार? तिथे गुलबक्षीच बरी.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आधी कुंड्यांत करून बघतो: एकीत नुसती तेलकट माती, एकीत निम्मी चांगली माती मिसळून. सांगली-कोल्हापूरकडे टीपीएच कुठे तपासतात, आणि साधारण खर्च किती येतो?