लॅपटॉपमधील दोन ग्राफिक्स चिप: कोणती केव्हा चालते आणि हे ठरवते कोण?

विक्रोळीकर (प्रश्न)

नमस्कार. मी वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० असे दोन्ही आहेत. या दोहोंमधील अदलाबदल आपोआप होते, तुम्हाला काही करावे लागत नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. कॉलेजच्या वाचनालयात पीडीएफ वाचताना बॅटरी व्यवस्थित पुरते. मात्र घरी एचडीएमआयने मॉनिटर जोडला, की नुसते टंकलेखन चालू असतानाही पंखा फिरू लागतो आणि लॅपटॉप तापतो. याउलट, त्रिमिती मॉडेल फिरवताना टास्क मॅनेजरमध्ये एनव्हिडियाबरोबर इंटेलची चिपही कामात दिसते. मग नेमके काम करते कोण? गरज नसताना एनव्हिडियाची मोठी चिप डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून ठेवावी का?

माहीम_दुरुस्ती

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर लॅपटॉपमधील जोडणीत आहे. ‘अदलाबदल’ या शब्दामुळे एक चिप बंद होऊन दुसरी तिची जागा घेते असे वाटते. परंतु २०१० मध्ये एनव्हिडियाने दोन्ही चिप एकत्र वापरणारे ऑप्टिमस तंत्र आणल्यापासून बहुतेक लॅपटॉपांत तसे घडत नाही. त्यांत लॅपटॉपचा स्वतःचा पडदा कायम अंगभूत ग्राफिक्सलाच जोडलेला असतो. मोठी चिप जागी झाली, की ती आपल्या मेमरीत चित्र रेखाटते, तयार झालेली फ्रेम पीसीआय एक्स्प्रेस या चिपला संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाने मुख्य मेमरीत नेऊन ठेवते आणि तेथून ती पडद्यावर पाठवण्याचे काम इंटेलचीच चिप करते. म्हणून मॉडेल एनव्हिडियावर चालत असतानाही टास्क मॅनेजरमध्ये इंटेलची हालचाल दिसणारच.

ही ने-आण किती मोठी असते, याचा हिशेब सोपा आहे. १९२० गुणिले १०८० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एक फ्रेम सुमारे ८३ लाख बाइटची होते. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर जवळपास ५० कोटी बाइट आणि १४४ असतील तर जवळपास ११९ कोटी बाइट दर सेकंदाला हलवावे लागतात. मार्गाची क्षमता याहून बरीच अधिक असल्यामुळे रेखाटनाच्या कामात फरक जाणवत नाही. वेगवान खेळांत मात्र थोडा जाणवतो.

एचडीएमआयचे प्रकरण वेगळे. अनेक लॅपटॉपांत हे पोर्ट थेट मोठ्या चिपला जोडलेले असते, त्यामुळे मॉनिटर जोडलेला असेपर्यंत तिला झोपताच येत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर कोणता पडदा कोणत्या चिपवर आहे याची आकृती दिसते. मॉनिटर जोडून ते पान उघडा.

दादरचा_वाचक

निर्णय कोण घेते, एवढेच सांगतो. पूर्वी तो माणूसच घेत असे: २००६ च्या सोनी वायो एसझेडमध्ये त्यासाठी खरोखरीची कळ होती आणि ती सरकवल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागे. आता ड्रायव्हरमधील, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, प्रोग्रॅमांची यादी, प्रोग्रॅमची स्वतःची मागणी आणि विंडोजमधील तुमची निवड, या तिन्हींवर तो अवलंबून असतो. ही निवड विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखालील ग्राफिक्सच्या पानावर मिळते. सामान्यतः प्रोग्रॅम उघडतानाच चिप ठरते आणि चालू प्रोग्रॅम मध्येच दुसरीकडे जात नाही. तेव्हा निवड बदलल्यावर तो बंद करून पुन्हा उघडावा. ब्राउझरला ‘हाय परफॉर्मन्स’, म्हणजे मोठी चिप, देऊन ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. बॅटरीवर काम करणाऱ्याने तो मुळीच मानू नये.

ठाणे_लिनक्स

डिव्हाइस मॅनेजरमधून चिप बंद करण्याला माझा विरोध आहे. चिपला झोपवण्याचे काम तिचा ड्रायव्हरच करतो. त्यालाच काढून टाकले, तर चिप जागीच राहून वीज खात राहण्याची शक्यता असते. लिनक्सवरही हाच अनुभव येतो. तेथे आणखी एक गंमत आहे: चिप झोपली आहे का हे पाहण्यासाठी एनव्हिडिया-एसएमआय ही चिपची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवली, की त्या विचारणेनेच ती जागी होते आणि पाहणाऱ्याला ती सदैव जागीच आहे असे वाटते.

माहीम_दुरुस्ती

ठाणेकरांशी सहमत. आणखी एक गोष्ट तपासा. काही लॅपटॉपांत मक्स असतो. तो म्हणजे रेल्वेच्या सांध्यासारखा, पडद्याची वाट एका चिपवरून दुसरीकडे वळवणारा. जुन्या पद्धतीत तो बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधून) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून बदलून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. २०२० मध्ये आलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमसमध्ये तो चालू संगणकातच बदलतो. एखादा खेळ खेळून झाल्यावर तो मोठ्या चिपवरच राहिला, तर दिवसभर पीडीएफ वाचतानाही तीच चालेल. तुमची बॅटरी वाचनालयात पुरते, त्याअर्थी तुमच्याकडे तसे झालेले नसावे.

विक्रोळीकर

आपणा सर्वांचे आभार. आकृतीत एचडीएमआय एनव्हिडियाकडे दिसते. टाइप-सी पोर्टमधून मॉनिटर जोडल्यावर मात्र तो इंटेलकडे दिसू लागला आणि टंकलेखन करताना पंखा शांत राहिला. आता याच जोडणीवर मॉडेलचे काम केले, तर मोठी चिप वापरली जाईल ना?

दादरचा_वाचक

होय, वापरली जाईल. फक्त फ्रेम पुन्हा इंटेलमार्गे जाईल. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा, असेल तर तुम्हाला फरक कळणारही नाही. मॉडेलच्या प्रोग्रॅमला ग्राफिक्सच्या पानावर ‘हाय परफॉर्मन्स’ आणि ब्राउझरला ‘पॉवर सेव्हिंग’ देऊन टाका, आणि टाइप-सीची जोडणी तशीच राहू द्या.