मदत हवी आहे: रोहिरिम बघायच्या आधी परिशिष्ट वाचू की नको?

टोल्किनप्रेमींनो, एक सल्ला हवाय. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'द वॉर ऑफ द रोहिरिम' बघायचा राहिलाय, केंजी कामियामाने दिग्दर्शित केलेला ॲनिमे (जपानी शैलीचा ॲनिमेशनपट), पीटर जॅक्सनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन सिनेमांच्या १८३ वर्षं आधीची गोष्ट, आणि मला आता धीर धरवत नाहीये. तिन्ही सिनेमे पाठ आहेत, टोल्किनची मूळ कादंबरी पण वाचलीये, फक्त मागची परिशिष्टं राहिली होती. सिनेमातल्या रोहनच्या राजाची, हेल्म हॅमरहँडची, गोष्ट नेमकी तिथेच आहे, परिशिष्ट अ मध्ये, जेमतेम काही पानं.

परवा वाचायला घेतलं. फ्रेका नावाचा एक सरदार आपल्या मुलासाठी, वुल्फसाठी, हेल्मच्या मुलीला मागणी घालतो, वाद होतो, मग हेल्म त्याला बाहेर नेतो आणि एका ठोशात खेळ खलास! काय लिहिलंय राव. पण तिथेच पुस्तक मिटलं, कारण पुढे वेढा आणि तो भयंकर हिवाळा येणार आणि शेवट आधीच कळला तर सिनेमात काय उरणार.

दुसरीकडे असंही वाटतं, की पुस्तकात त्या मुलीला नावच नाहीये, सिनेमात मात्र तीच हेरा म्हणून नायिका आहे, म्हणजे तिचा प्रवास बराचसा नवीनच असणार ना?

ट्रेलर मुद्दाम बघत नाहीये, विकी पण बंद. कृपया कोण जगतं कोण मरतं ते लिहू नका. बरोबर लहान बहीणही बघणारे, तिने फक्त सिनेमे बघितलेत, त्यातला हेल्म्स डीप हा किल्ला आणि तिथली लढाई तिला चांगली आठवतेय.

तर ज्यांनी परिशिष्ट पूर्ण वाचलंय त्यांनी सांगा, उरलेली पानं आत्ता वाचू की सिनेमा बघून झाल्यावर? आणि बहिणीला बघण्याआधी काही सांगायची गरज आहे का?