सल्ला हवा: रस्त्यावरही चालेल आणि पाव मैल १२ सेकंदांत पळेल अशी जुनी मसल कार

एडिसनकर
न्यू जर्सीत राहतो. १९६८ ते १९७२ मधली अमेरिकन मसल कार घ्यायची आहे. शनिवार-रविवार रस्त्यावर चालवायची आणि महिन्यातून एकदा ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ पाव मैल पळवायच्या ट्रॅकवर) न्यायची, एवढाच वापर. लक्ष्य पाव मैलाला १२ ते १२.५ सेकंद. पंपावरचं ९३ ऑक्टेन पेट्रोल चाललं पाहिजे. मनात १९७० ची शेवरोले शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) आहे, पण किमती बघून हात थांबतो. प्रश्न असे:
कोणती गाडी घ्यावी? बघायला गेल्यावर कुठे बघावं? पैसे आधी इंजिनावर घालावेत की बाकी गाडीवर? आणि इंग्लिशटाउनची स्ट्रिप बंद झाल्यावर इथले लोक जातात कुठे?

पावमैल
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. इंग्लिशटाउनचं ड्रॅग रेसिंग २०१८ मध्ये थांबलं आणि ॲटको २०२३ मध्ये बंद झालं. तुम्हाला जवळची म्हणजे ग्रेट मेडोजची आयलंड ड्रॅगवे. पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळ मेपल ग्रोव्ह आहे, मेरीलँडमध्ये सेसिल काउंटी. हौशी लोकांसाठीच्या 'टेस्ट अँड ट्यून' तारखा वेळापत्रकात बघून ठेवा.

आता गाडी. एसएस शेव्हेलचा हट्ट सोडा. १९६९ पासून शेव्हेलवर एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, पर्यायी पॅकेज होतं, त्यामुळे व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) ती एसएस आहे की नाही ते कळतच नाही. बिल्ड शीट (कारखान्यातला जोडणीचा कागद) किंवा मूळ कागद नसतील तर खरी एसएस आणि साध्या मालिबूची (शेव्हेलच्याच साध्या मॉडेलची) एसएस केलेली गाडी यांत फरक करणं फार कठीण, आणि मागणारा पैसे मात्र एसएसचे मागतो. (पॉन्टियाक जीटीओचं बरं आहे. १९६६ ते १९७१ मध्ये व्हीआयएन २४२ ने सुरू होतो. मोपारमध्ये (क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ गाड्यांत) तर पाचवं अक्षरच इंजिन सांगतं: १९७०-७१ मध्ये आर म्हणजे ४२६ घनइंची हेमी इंजिन.) शिवाय मूळ नंबरांचं (कारखान्यातून त्याच गाडीबरोबर आलेलं) इंजिन असलेली गाडी स्ट्रिपवर पळवणं मला पटत नाही. ब्लॉक फुटला तर तो परत मिळत नाही.

तुमच्या वापराला १९६८ ते १९७२ ची शेवरोले नोव्हा. हिशोब बघा: चालकासह वजन पौंडात घ्या, त्याला फ्लायव्हीलच्या अश्वशक्तीने भागा, आलेल्या आकड्याचं घनमूळ काढून ५.८२५ ने गुणा. ४०० अश्वशक्तीची ३,४०० पौंडी नोव्हा ११.९ वर येते. तीच ताकद ४,००० पौंडी शेव्हेलमध्ये घातली तर १२.५५. टायर घसरले की दोन्ही आकडे वाढतात. म्हणजे नोव्हात तुमच्या लक्ष्याला थोडी शिल्लक राहते, शेव्हेलमध्ये काहीच राहत नाही.

मोपारप्रेमी
नोव्हाबरोबर प्लिमथ डस्टर आणि डॉज डार्टही बघा. ३४० घनइंची स्मॉल ब्लॉक उत्तम इंजिन आहे आणि वजनही नोव्हाच्या जवळपास. ७२७ टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्स ४०० अश्वशक्तीला सहज पुरतो. पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असतो, त्यामुळे गाडीची उंची एका बोल्टने जमवता येते. पण पार्टसची उपलब्धता आणि किंमत यांत शेवरोलेची बरोबरी नाही, हे मान्य करतो. पहिलीच जुनी गाडी असेल तर नोव्हा सोपी.

गंज बघताना, मोपारमध्ये टॉर्शन बारचा क्रॉसमेंबर आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बसतात ते फ्रेम रेल सडलेले असतील तर तिथूनच परत फिरा. नोव्हात पुढे बोल्टने बसवलेला सबफ्रेम असतो, मागे वेगळी चेसिस नसते. म्हणून मागच्या पाट्यांची बैठक, सबफ्रेम जोडणारे बोल्ट आणि डिक्कीचा तळ बघा. शेव्हेल बघितलीच तर मागच्या काचेखालचा पत्रा आणि मागच्या एक्सलवरची चेसिस. चुंबक पातळ कापडात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानींवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. चमकदार रंगापेक्षा फिक्या रंगाची, पण खालून कोरडी आणि ठणठणीत गाडी नेहमी चांगली.

एडिसनकर
पावमैल, मोपारप्रेमी, मनापासून आभार. नोव्हा पक्की धरतो. मग सांगा, ३५० इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मूळ टेन-बोल्ट (कव्हरला दहा बोल्ट असलेलं) डिफरन्शियल असलेली गाडी मिळाली तर आधी काय बदलू?

तेलकटहात
इंजिनाला शेवटी हात लावा. क्रम असा ठेवा: ब्रेक, इंजिन माउंट, मागचा एक्सल, पाटे-टायर, पेट्रोलची लाइन, मग ताकद.

माउंटबद्दल आधी बोलतो, कारण ते सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. त्या काळच्या शेवरोलेचं डावं माउंट रबर फाटून दोन तुकडे होतं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन त्या बाजूने उचललं जातं, थ्रॉटलचा दांडा ओढला जातो आणि पाय काढला तरी ॲक्सिलरेटर उघडाच राहतो. याच कारणासाठी जनरल मोटर्सने १९७१ मध्ये सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, १९६८-६९ च्या नोव्हाही त्यात होत्या. एकमेकांत अडकणारे माउंट घ्या, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन सुटत नाही. शिवाय कार्ब्युरेटरला दोन रिटर्न स्प्रिंग लावा.

ब्रेक: पुढे डिस्क लावाच. पण मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) घातलात तर आयडलला व्हॅक्यूम कमी पडतो आणि बूस्टर अर्धवट काम करतो, पेडल दगडासारखं लागतं. तसा कॅम असेल तर बूस्टर काढा आणि त्याला साजेसा लहान बोअरचा मास्टर सिलिंडर लावून साधा ब्रेक ठेवा.

एक्सल: मूळ टेन-बोल्ट दोन प्रकारचे येतात, ८.२ आणि ८.५ इंची. ८.२ इंची असेल तर चिकट टायरबरोबर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ८.५ चालतो. ट्वेल्व्ह-बोल्ट चांगला, फोर्ड नऊ इंची त्याहून निर्धास्त. कारण टेन-बोल्ट-ट्वेल्व्ह-बोल्टमध्ये एक्सल आत एका सी-क्लिपवर टेकलेला असतो. एक्सल तुटला की चाकासकट बाहेर येतो. नऊ इंचीत तो बाहेरच्या बाजूला बेअरिंगपाशी बोल्टने धरलेला असतो.

पावमैल
गिअरचं प्रमाण ठरवताना अंदाज लावू नका, गणित करा: ताशी मैल गुणिले गिअर गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. २८ इंची टायर आणि ११० मैलांना ४.१० गिअर इंजिनाचे मिनिटाला ५,४०० फेरे देतो. त्यात टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलावर चालणाऱ्या कपलिंगची) घसरण धरली की ५,७०० च्या आसपास. ३.७३ वर तेच ४,९०० येतात. हायवेला ६५ मैलांवर ४.१० म्हणजे ३,२०० फेरे, ३.७३ म्हणजे २,९००. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या टर्बो ३५० बरोबर, तुमच्या वापराला मी ३.७३ सांगेन. ४.१० चा आवाज तासाभराच्या हायवेला नकोसा होतो.

तेलकटहात
३.७३ ला सहमत. त्यासोबत २,८०० ते ३,२०० स्टॉलचा (ब्रेक दाबलेला असताना इंजिन जितक्या फेऱ्यांपर्यंत चढतं तो आकडा) टॉर्क कन्व्हर्टर घ्या आणि गिअरबॉक्स ऑइलचा वेगळा कूलर लावा. रेडिएटरमधला कूलर पुरत नाही, कन्व्हर्टर जितका सैल तितकं तेल तापतं.

पाटेवाला
नोव्हाचा खरा त्रास मागच्या पाट्यांत आहे. क्लच सोडला किंवा ब्रेक सोडला की एक्सल पिनियनची (ड्राइव्हशाफ्टला जोडलेल्या दातेरी चाकाची) बाजू वर फिरवायला बघतो, पाटा एसच्या आकारात वळतो, टायर क्षणभर सुटतो आणि परत पकडतो. चाक थडथडतं. यातच युनिव्हर्सल जॉइंट आणि पिनियनचे दात जातात. ताकद वाढवली तर हे वाढतं, कमी होत नाही. १९६८-६९ च्या बऱ्याच गाड्यांत एकपाती पाटा असतो, तो आधी बदलून बहुपाती करा. मग कॅलट्रॅकसारखे पाट्याच्या पुढच्या डोळ्यावर ढकलणारे बार लावा. पुढचा स्वे बार (वळणावर गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) स्ट्रिपवर सोडून ठेवलात तर पुढचा भाग मोकळेपणाने उचलतो आणि वजन मागे येतं. पण घरी जाताना परत जोडल्याशिवाय वळणावर जाऊ नका.

टायर २७५/६०आर१५ ड्रॅग रेडियल (चिकट रबराचे), रस्त्यावर चालणारे. त्याआधी फेंडरमध्ये जागा मोजा. स्लिक (खाचा नसलेले शर्यतीचे टायर) घेतलात तर पुढे-मागे बांधणीचा मेळ ठेवा. मागे बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या बांधणीचे) आणि पुढे रेडियल असेल तर शेवटच्या टप्प्यात गाडी डोलते.

एडिसनकर
हवा किती ठेवायची? आणि स्ट्रिपवरची तपासणी काय मागते?

पाटेवाला
ड्रॅग रेडियलला १८ पीएसआयने सुरुवात करा, मग एकेक पीएसआयने खाली-वर. बायस-प्लाय स्लिक १२ ते १४ वर चालतात. कोणते पीएसआय बरोबर, हे पहिल्या ६० फुटांची वेळ सांगते. ती दर फेरीनंतर वहीत लिहा, हवामान आणि टायरमधली हवा यांच्यासह. ६० फुटांत ०.१ सेकंद वाचला तर शेवटी ०.१५ ते ०.२ सेकंद वाचतात. यापेक्षा स्वस्त अश्वशक्ती बाजारात मिळत नाही.

साध्या रस्त्याच्या टायरवर असाल तर टायर भिजवायच्या पाण्याच्या खड्ड्यातून गाडी नेऊ नका, वळसा घालून पुढे या. टायरच्या खाचांतलं पाणी स्टार्टिंग लाइनवर नेलंत तर तुमच्या मागच्यांचीही पकड जाते.

पावमैल
एनएचआरएच्या (ड्रॅग रेसिंगच्या अमेरिकी संघटनेच्या) नियमांप्रमाणे १३.९९ सेकंद किंवा त्याहून जलद पळाल तर स्नेल या संस्थेच्या मान्यतेचं हेल्मेट लागतं. लांब पँट आणि बंद बूट तर सगळ्यांनाच. ११.४९ ला पोचलात की रोल बार (गाडी उलटली तर वाचवणारी लोखंडी कमान) लागतो. कन्व्हर्टिबल असेल तर तोच १३.४९ ला लागतो, म्हणून कन्व्हर्टिबल तुमच्यासाठी नाही. ९.९९ ला पूर्ण रोल केज (पिंजरा). ड्राइव्हशाफ्ट लूपचा (शाफ्टभोवतीच्या लोखंडी कड्याचा) नियम स्लिकवर १३.९९ पासून लागतो. रस्त्याच्या टायरवर ११.४९ पर्यंत सूट आहे, पण तो तसाही लावा. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्ट जमिनीत रुततो आणि गाडी उलटू शकते. बॅटरी डिक्कीत नेलीत तर मागून बंद करता येईल असा कटऑफ स्विच हवा. रेडिएटरच्या पाण्याला कमीत कमी १६ औंसाचा ओव्हरफ्लो डबा, बॅटरी पक्की बांधलेली आणि कुठेही गळती नसलेली गाडी. स्ट्रिपचे स्वतःचे नियमही असतात, गेटवर विचारून घ्या.

मोपारप्रेमी
इन्शुरन्सचं लिहायचं राहिलं. क्लासिक गाडीचा 'ॲग्रीड व्हॅल्यू' (आधीच ठरवलेल्या किमतीचा) विमा घ्याच, पण बहुतेक पॉलिसींत वेळ मोजून केलेली शर्यत वगळलेली असते. कलम वाचून मगच गाडी स्ट्रिपवर न्या.

तेलकटहात
इंजिन. पंपाच्या ९३ साठी ॲल्युमिनियम हेड आणि १० च्या आत कॉम्प्रेशन. ३५० ब्लॉकमध्ये ३.७५ इंची क्रँक घालून ३८३ करा, ४०० अश्वशक्ती शांतपणे मिळते. कॅम रोलर (टॅपेटला छोटं चाक असलेला) घ्या. फ्लॅट टॅपेट घेणार असाल तर झिंकचं प्रमाण जास्त असलेलं तेल हवं. आताच्या साध्या तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी फॉस्फरस कमी केलेला असतो आणि त्या तेलावर लोब (कॅमचा उंचवटा) झिजून जातो. नवा फ्लॅट कॅम पहिल्यांदा सुरू केला की लगेच २,००० ते २,५०० फेऱ्यांवर २० मिनिटं चालवा, आयडलवर सोडू नका. आयडलला लोबवर तेलाचे शिंतोडे पुरेसे येत नाहीत.

कार्ब्युरेटर ७५० हॉली डबल पंपर. लाँचला इंजिन खोकलं तर आधी ॲक्सिलरेटर पंप बघा: थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पंपाच्या दांड्यात आणखी ०.०१५ इंच जागा उरली पाहिजे. पण जरा पुढे जाऊन दम टाकत असेल तर कार्ब्युरेटरचा मागचा बाउल (पेट्रोलची वाटी) बघा. जोरात निघताना पेट्रोल मागे सरकतं आणि मागच्या बाउलमधले जेट (पेट्रोल आत घेणारी बारीक भोकं) उघडे पडतात, कारण ते बाउलच्या पुढच्या भिंतीवर आहेत. जेट एक्स्टेन्शन आणि त्याला खाच असलेला फ्लोट बसवा. अर्ध्या ट्रॅकनंतर मरत असेल तर पेट्रोलची लाइन. मूळ ५/१६ इंची नळी बदलून ३/८ घ्या, आणि प्रेशर गेजची सुई शेवटच्या रेषेपर्यंत ५ पीएसआयखाली जाऊ देऊ नका. रबराच्या जुन्या नळ्या सगळ्या काढा, इथेनॉल त्या आतून विरघळवतं.

पहिल्या दिवशी अर्ध्या ट्रॅकपर्यंतच पळवा. परत येऊन बॉनेट उघडा, तेल-पाणी बघा, डिफरन्शियलची गळती बघा, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, आणि मग पूर्ण फेरी.