पिंपातील डार्क माइल्डची खरी चव कोणती?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. दिवाळीनंतर मी मुलाकडे इंग्लंडमध्ये, डडली येथे, महिनाभर राहून आलो. तेथील एका जुन्या पबमध्ये त्याने मला पिंपातून हातपंपाने ओढून वाढलेली डार्क माइल्ड ही गडद रंगाची इंग्लिश बिअर प्यायला दिली. दिसायला काळीभोर, पण ग्लास दिव्याकडे धरला तेव्हा कडेला माणकासारखी लाली दिसली. आपल्याकडे बाटली बर्फासारखी गार करून पिण्याची सवय असल्यामुळे पहिला घोट मला सपक आणि कोमट वाटला. परंतु अर्धा ग्लास झाल्यावर काकवी, तासगावचा काळा बेदाणा आणि किंचित करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी चव जिभेवर उलगडत गेली आणि ती फार आवडली. चार दिवसांनी त्याच पबमध्ये तीच माइल्ड घेतली, तर काकवी नाहीशी झाली होती आणि शेवटी आंबूसपणा राहत होता. या दोहोंपैकी खरी चव कोणती समजावी?

अजिंक्यतारा (सातारा)

पहिली, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ही बिअर गाळलेली किंवा पाश्चराइझ केलेली नसते. पिंपात जिवंत यीस्ट असते, तेथे ती दुसऱ्यांदा आंबते आणि त्यातून जो वायू तयार होतो तेवढाच तिच्यात असतो. म्हणून बुडबुडे कमी, हा दोष नव्हे. तळघराचे तापमान 11 ते 13 अंश सेल्सिअस ठेवतात, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातील माठाच्या पाण्याहून ती गारच असते. त्याहून थंड केली तर माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोडवा दबतो.

आता आंबूसपणाविषयी. नेहमीच्या पिंपात सुमारे 41 लिटर बिअर असते आणि जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत शिरते. पिंप उघडल्यावर साधारण तीन दिवसांत ते संपणे इष्ट असते. त्यापुढे हवेमुळे आधी ताजेपणा जातो, मग व्हिनेगरसारखी आंबट झाक येते. माइल्डमध्ये अल्कोहोल बहुधा 3 ते 3.8 टक्के आणि हॉप्स या कडू फुलांचा कडवटपणाही बेताचा, त्यामुळे शिळेपणा झाकायला तिच्यापाशी काहीच नसते. आपल्याला दुसऱ्या वेळी मिळालेला ग्लास बहुधा खप कमी असलेल्या पिंपाच्या तळाचा असावा.

ऊसकरी (इस्लामपूर)

काकवीची आठवण होणे अगदी रास्त आहे. ब्रिटनमध्ये बिअरसाठी साखर वापरण्यास 1847 साली परवानगी मिळाली आणि पुढे उसाच्या साखरेपासून केलेली गडद इन्व्हर्ट साखर तेथील ब्रूअर, म्हणजे बिअर तयार करणारे, माल्टच्या जोडीला वापरू लागले. बेदाण्याची चव तिच्यातून आणि क्रिस्टल माल्टमधून येते, करपलेपणा भाजलेल्या चॉकलेट माल्टमधून.

एक गैरसमज मात्र दूर व्हावा असे मनापासून वाटते. माइल्ड या शब्दाचा मूळ अर्थ सौम्य असा नसून, मुरवून न ठेवता ताजी विकलेली, असा होता. एकोणिसाव्या शतकात ती बरीच कडक असे आणि काळीच असे असेही नव्हते. पहिल्या महायुद्धातील धान्यटंचाई आणि निर्बंधांनंतर ती हलकी झाली. जुन्या कडक माइल्डचा अंदाज घ्यायचा असेल, तर डडलीजवळच सेजली येथे बीकन हॉटेलमध्ये सारा ह्यूज यांच्या नावाची डार्क रूबी ही माइल्ड मिळते. ती 6 टक्क्यांची आहे, तेव्हा अर्ध्या पाइंटवरच थांबावे.

बेदाणा (तासगाव)

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. पिंपातील गाळ तळाशी बसावा म्हणून माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास हा पदार्थ अनेक ठिकाणी घालतात. काही ब्रूअर तो वापरत नाहीत, पण आधी विचारलेले बरे. आणि आंबट ग्लास निमूटपणे संपवू नये. काउंटरवर नम्रपणे परत दिल्यास चांगल्या पबमध्ये तो विनातक्रार बदलून देतात.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी तो आंबट ग्लास संकोचाने पूर्ण प्यायलो होतो. मे महिन्यात, जेव्हा पिंपातील पारंपरिक बिअरसाठी मोहीम चालवणारी तेथील कॅमरा ही संस्था माइल्डचा प्रसार करते, तेव्हा पुन्हा जाण्याचा विचार आहे. त्या वेळी पिंप कोणत्या दिवशी उघडले हे आधी विचारीन.