शब्दचर्चा: 'अँग्झायटी' म्हणजे चिंताच का?

महालकर: परवा आईला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं होतं. सात प्रश्नांचा कागद, गेल्या दोन आठवड्यांत अमुक किती दिवस झालं ते विचारणारा. 'चिंता वाटते का?' आई ठणकावून म्हणाली, 'नाही. पोरींची लग्नं झाली, आता कायची चिंता?' बाहेर बाकावर टेकली आणि म्हणते, 'बाबू, रोज दुपारी जीव घाबरा होऊन राहिला न. कारण काहीच नसते.' उठून परत आत गेलो. आता सांगा, चिंता हा शब्द बरोबर आहे का?

व्याकरणवाला: तो कागद जीएडी-७ असणार, अँग्झायटी किती आहे ते मोजणारी प्रश्नावली. २००६चा, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. आई चुकल्या नाहीत. चिंता म्हटली की पुढे 'कशाची?' येतंच. काळजीचंही तेच. धाकधूक निकाल लागेपर्यंतची, लागला की गेली. रुखरुख मागच्या गोष्टीची, बहुतेक राहून गेलेल्या. घोर माणसाचा असतो, मुक्कामाला येतो. हुरहूर तर थोडी गोडच. या सगळ्यांना काहीतरी टांगायला खुंटी लागते. 'जीव घाबरा होणं' याला लागत नाही, तिथे कर्ता जीवच. विनाकारण वाटणाऱ्या अँग्झायटीला याहून नेमकं मराठी मला माहीत नाही. कागदावर मात्र 'चिंताविकार' छापलेलं असतं.

बर्डीचा: आपल्या इकडं सगळ्याले एकच शब्द बे, टेन्शन. पेपरचं टेन्शन, हप्त्याचं टेन्शन, पाव्हणे येऊन राहिले त्याचंबी टेन्शन. आणि परका शब्द म्हणून नाक मुरडू नका. त्याचं लॅटिन मूळ आणि आपला संस्कृत 'तन्' एकाच घरचे. ताण आणि टेन्शन चुलतभाऊ.

व्याकरणवाला: भाऊबंदकी मान्य. पण एका शब्दात सगळं कोंबलं की काय होतंय ते कळत नाही. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी ३० जणांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्याला भावनेचा शब्द जोडला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीशी जोडलेल्या भागाची, खळबळ कमी व्हायची. त्याच चेहऱ्याला हॅरीसारखं माणसाचं नाव जोडलं तर तेवढी नाही.

बर्डीचा: चेहरे दुसऱ्याचे होते न भाऊ! स्वतःचा जीव उडून राहिला तेव्हा शब्दकोश कोण काढते?

व्याकरणवाला: खरं आहे. नाव दिलं की दुखणं गेलं असं त्या प्रयोगातून निघतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की डॉक्टरांच्या कानापर्यंत नेमका शब्द जावा.

महालकर: गेला. त्यांनी समासात देवनागरीत 'जीव घाबरा, दुपारी' असं लिहून घेतलं आणि कागद पुन्हा पहिल्यापासून भरला. तुमची यादी वाचून रात्री आईला विचारलं, मग घोर म्हणायचं का? तर म्हणे, 'घोर तुह्या बाबाच्या दुखण्यात होता. हे अलग आहे.'