नुसता पट्टा असून भागत नाही

सोसायटीत कुत्रा फिरवताना ‘पट्टा लावला की मालकाची जबाबदारी संपली’ असं काही जण म्हणतात. पण पट्टा कोणता? गुंडाळी होणारा, पाच मीटर सुटणारा पट्टा सोसायटीच्या जिन्यात किंवा लिफ्टपाशी नकोच. ब्रेकचं बटण दाबेपर्यंत कुत्रा समोरच्याच्या अंगावर पोचलेला असतो, शिवाय त्याची बारीक दोरी बोटं कापते ती वेगळीच. साधा दीड मीटरचा रुंद नायलॉनचा पट्टा घ्या आणि हूकची स्प्रिंग अधूनमधून तपासा. ती दगा देऊ शकते.

लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरून कुत्र्याला कोपऱ्यात ठेवा आणि स्वतः दाराच्या बाजूला उभे राहा. दार बंद होण्याआधी अख्खा पट्टा आत आलाय ना, हे बघाच. बाहेर अडकलेला पट्टा लिफ्ट हलली की थेट गळ्याला ओढ देतो.

मझल, म्हणजे कुत्रा चावू नये म्हणून त्याच्या तोंडाला लावायचं आवरण, वापरायचा तर जाळीचा. कापडी मझलने तोंड आवळलं जातं, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात उष्माघात होऊ शकतो. आधी काही दिवस आत खाऊ ठेवून, बक्कल न लावता सवय करा.

तरीही चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद-चुना अजिबात नको. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.