नवं स्टँड ‘हरित’, मग साडेचारला फलाटावर इतकं भाजतं कशानं?

सिन्नरची_अपडाउनवाली
अकरा वर्षं नाशिक-सिन्नर अपडाउन करते. माझं नेहमीचं स्टँड (नाव नको) पाडून नवं बांधलं. छतावर सोलर, दारात कुंड्या, भिंतीवर ‘हरित इमारत’ची पाटी. जुन्या स्टँडला यातलं काही नव्हतं, पण दुपारी बाकावर टेकता यायचं. आता साडेचारची गाडी पकडायची तर ऊन थेट तिसऱ्या रांगेतल्या बाकापर्यंत येतं. बाक स्टीलचे. परवा एका खांबाच्या सावलीत आम्ही सात जणी एकामागे एक उभ्या होतो. एक आजी बसची रांग समजून मागे येऊन थांबल्या. 2027 च्या कुंभासाठी शहरात कामं निघालीत, म्हणून विचारते: हरित म्हणजे नेमकं काय असायला हवं?

पेठेतला_आर्किटेक्ट
ताई, फलाटाचं तोंड पश्चिमेला आहे का, आणि पत्रा किती उंच?

सिन्नरची_अपडाउनवाली
हो, पश्चिमेलाच. उंची आमच्या कंडक्टरदादांनी अंदाजानं 5 मीटर सांगितली.

पेठेतला_आर्किटेक्ट
मग गणित सोपं आहे. मे महिन्यात साडेचारला नाशिकचा सूर्य क्षितिजापासून साधारण 35 अंशांवर असतो. पत्रा 5 मीटर उंच असेल तर ऊन कडेपासून सात मीटर आत शिरतं. म्हणजे तुमची तिसरी रांग. पत्रा जितका उंच तितकं ऊन आत, पण उंच छत फोटोत भव्य दिसतं ना.

सोलरचं म्हणाल, तर तो वीजबिलाचा विषय. कोचीचं विमानतळ 2015 पासून पूर्ण सौर विजेवर चालतं, उत्तमच आहे. पण पॅनेलनं बाकावर सावली पडत नाही. छत आणि पॅनेल यांत हवा खेळायला जागा ठेवली तर मात्र पत्रा कमी तापतो, हा फायदा खरा.

माझ्या आजोळच्या वाड्यात, सराफबाजाराजवळ, मे महिन्यात दुपारी सोप्यात झोपायचो. पंखा नसायचा. जाड भिंती, मधोमध उघडा चौक, गरम हवा वर निघून जायची. स्टँडच्या छताला मधे वाट ठेवली तरी तेच होतं.

डबलबेल_निवृत्त
मी 31 वर्षं कंडक्टर होतो. साहेब, एक राहिलं. गाडी फलाटाला नाक लावून उभी राहते आणि जुन्या गाड्यांचं इंजिन पुढे. ड्रायव्हर चालू ठेवूनच चहाला गेला की सगळी धग माणसांवर. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर हा त्रास जाईल. एरवी गाडी लागली की तिचीच सावली पडते, म्हणून लोक गाडीची वाट दुहेरी बघतात!

आणि पाऊस विसरू नका. 2015 च्या कुंभातल्या पर्वण्या (स्नानाचे मुख्य दिवस) ऑगस्ट-सप्टेंबरात होत्या. पश्चिमेची झड आली की उंच पत्रा असूनसुद्धा अर्धा फलाट ओला. जुन्या माणसांनी पत्र्याच्या कडेला खाली उतरणाऱ्या झडपा लावल्या होत्या त्या उगीच नव्हे.

पेठेतला_आर्किटेक्ट
काका, नेमकं बोललात. झडप ऊन आणि झड दोन्ही अडवते.

पाण्याचंही बघा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 1500 चौरस मीटर छत आणि वर्षाला 700 मिमी धरले तर गळती-बाष्प वजा जाता आठेक लाख लिटर. पिऊ नका, पण शौचालयाच्या फ्लशला आणि गाड्या धुवायला चालतं. पन्हळ स्वच्छ ठेवणारा माणूस नेमला तरच, नाहीतर पहिल्याच पावसात तुंबते.

सिन्नरची_अपडाउनवाली
इथं पन्हळीचं पाणी पाइपानं थेट गटारात जातं, मी डोळ्यांनी पाहिलंय. सातही जणी निवेदन देतोय. बांधलेलं फलाट तर फिरवता येणार नाही. मग काय मागायचं?

पेठेतला_आर्किटेक्ट
पत्र्याच्या कडेपासून 4 मीटर उंचीपर्यंत खाली येणारी पक्की झडप. बस सव्वातीन मीटरच्या आसपास, अडणार नाही. ऊन सातऐवजी पावणेसहा मीटरच आत येईल, म्हणजे बाकांची एक रांग सुटली. आवाराच्या पश्चिम कडेला कडुनिंब किंवा करंज. आणि बाक लाकडी किंवा दगडी मागा, हे सर्वांत स्वस्त.

डबलबेल_निवृत्त
बाकाचं पहिलं लिहा. झाडाला मोठं व्हायला वेळ लागतो, आजी उद्याच येणार आहेत.